सभा थांबली तिथं लेखणी थांबव

निपाणी

चि. भाचीस,


परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. ‘मामा, सभा मोडली,’ एवढंच बोललीस आणि गप्प झालीस. मला वाटलं, भांडण झालं असेल. तसं काही नव्हतं. गावच्या वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा, कार्यवाह म्हणून तुझं पहिलंच वर्ष, विषयपत्रिकेवर ११ विषय. सहा विषय झाले, चहा झाला आणि सातवा विषय पुकारताना बघतेस तर जवळजवळ निम्म्या खुर्च्या रिकाम्या. एकूण सभासद १२०, पोटनियमाप्रमाणे गणसंख्या ४०. हजेरीपुस्तकात सह्या ५३ आणि समोर माणसं २७. अर्धा तास थांबलात, दोन पोरं बस स्टॉपपर्यंत पळत जाऊन आली, दोघं सभासद परत आले. आकडा २९. तेव्हा कार्यकारिणीतले एक ज्येष्ठ म्हणाले, ‘सह्या आहेत की ५३. लिहून टाक, सर्वानुमते मंजूर.’ तू पेन उचललंस आणि परत खाली ठेवलंस. ते बघून अध्यक्षांनी ‘उरलेलं पुढच्या रविवारी अकराला’ असं जाहीर केलं आणि सभा उठली.

आता तू इतिवृत्ताची वही उघडी ठेवून बसली आहेस आणि विचारतेस, मामा, हे लिहायचं कसं?

त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून पत्र लिहितोय. आणि उघडंच लिहितोय, कारण आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत सभा उरकायची म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात बेळगाव-निपाणी भागातल्या कितीतरी सोसायट्या, वाचनालयं, शिक्षण संस्था, महिला मंडळं वर्षाची सभा घेतात, आणि त्यातल्या बऱ्याच वह्यांत तुझ्यापुढं आहे तसलं एक पान असतं.

आधी एवढं ऐक. तू पेन खाली ठेवलंस ते बरोबर केलंस.

आपण ज्याला सर्रास ‘कोरम’ म्हणतो तो शब्द लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ नुसता ‘ज्यांच्यापैकी’ एवढाच. जुन्या इंग्लंडात न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या फर्मानात काही जणांची नावं वेगळी काढून लिहिलेलं असे, की या ज्यांच्यापैकी निदान एक जण हजर असल्याशिवाय काम चालू नये. त्या वाक्यातला तो शब्द सभेच्या कामकाजात येऊन बसला. मराठीत आपण गणपूर्ती म्हणतो, गणसंख्या म्हणतो. शब्द कुठलाही घे. अर्थ असा, की संस्था सगळ्यांची आहे, सगळे कधीच जमत नाहीत, म्हणून निदान इतके जमल्याशिवाय बाकीच्यांच्या वतीनं कुणी काही ठरवू नये. ४० हा आकडा खोलीत बसलेल्यांसाठी नसतो. जो घरी आहे, शेतात आहे, पुण्याला कामाला गेलाय, त्याच्या पाठीशी उभा राहायला तो आकडा घातलेला असतो.

बेळगावच्या बाहेर हलग्याजवळ महामार्गाला लागून सुवर्ण विधानसौध उभी आहे. ११ ऑक्टोबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी तिचं उद्घाटन केलं. तिथं कर्नाटकाचं हिवाळी अधिवेशन भरतं. आपल्या सीमाभागातल्या मराठी लोकांच्या मनात त्या इमारतीबद्दल काय आहे ते मी तुला सांगायला नको. पण त्या सभागृहालाही हाच नियम लागू आहे. संविधानाच्या कलम १८९ प्रमाणे विधिमंडळाच्या सभागृहाची गणपूर्ती म्हणजे १० सदस्य किंवा एकूण सदस्यांचा दहावा हिस्सा, यांपैकी जी संख्या मोठी ती. विधानसभा २२४ जणांची, म्हणजे किमान २३ हवेत. विधान परिषद ७५ जणांची, तिथं १० पुरतात. लोकसभेला कलम १०० प्रमाणे दहावा हिस्सा, म्हणजे ५४३ मागे ५५. आणि पुढचं पोटकलम तुझ्या कामाचं आहे: सभा चालू असताना कोणत्याही वेळी गणपूर्ती राहिली नाही, तर सभागृह तहकूब करणं किंवा गणपूर्ती होईपर्यंत स्थगित ठेवणं हे पीठासीन अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. मर्जी नाही, कर्तव्य.

आणीबाणीत, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं, ही गणपूर्तीची पोटकलमंच संविधानातून काढून टाकायचं ठरलं होतं. ती तरतूद अंमलात येण्याआधीच १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं रद्द झाली आणि पोटकलमं जागच्या जागी राहिली. ज्या काळात माणसांची तोंडं बंद केली जात होती, त्याच काळात किती माणसं हजर असावीत हा आकडाही नकोसा झाला होता, हे लक्षात ठेव. कुणी तुला म्हणालं, ‘कोरम म्हणजे काय, नुसती फॉर्मॅलिटी,’ तर हे सांग.

आता तुझ्या वहीकडं येऊ. पण त्याआधी माझी एक गोष्ट. ती मी आजवर घरात कुणाला सांगितलेली नाही.

मी एका सोसायटीत सेक्रेटरी होतो. सोसायटीचं नाव घेत नाही, चूक माझी होती. सभासद बहुतेक करून वखारीत तंबाखूच्या कामाला जाणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायका. एका वर्षी वार्षिक सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. बाहेर पाऊस, दाराशी छत्र्यांचा ढीग, हजेरीच्या टेबलावर निळा स्टॅम्प पॅड, कारण निम्म्या जणींचे अंगठे. साडेचारला चिवडा-चहा वाटला आणि पाच वाजता खेड्याकडची गाडी होती. एकेक जण उठत गेली. शेवटी राहिलो आम्ही १४ जण, त्यात निम्मे संचालक. विषय होता सभासद साहाय्य निधीची रक्कम इमारत निधीत वर्ग करण्याचा. अध्यक्षांनी विचारलं, मंजूर ना? आम्ही माना हलवल्या. मी लिहिलं: ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.’ सूचक घातला, अनुमोदक घातला. चर्चा झाली नव्हती, आणि ‘सर्व’ कुठं होते?

त्या वर्षातच एका म्हाताऱ्या सभासदाचा नवरा आजारी पडला. ती मदत मागायला आली. मी काउंटरच्या आतून तिला सांगितलं, तो निधी आता नाही, ठराव झालाय. ती काही न बोलता गेली. पुढच्या वार्षिक सभेत पहिला विषय, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. मी एका दमात वाचत गेलो. तो ठराव वाचून झाला आणि ती मागून उठली. पदर खोचला आणि म्हणाली, ‘सर्वानुमते म्हंजे त्यात मी बी आलो न्हवं? मी हुतो काय त्या येळंला?’

हॉलमध्ये कुणी हललं नाही. मला तिच्याकडं बघवेना, म्हणून मी वहीकडं बघितलं, तर तिथं माझंच अक्षर. तिचा अंगठा हजेरीपुस्तकात होता. त्या अंगठ्याच्या जोरावर मी तिला तिच्याच विरुद्ध मत द्यायला लावलं होतं.

आमचे अध्यक्ष मोठ्या मनाचे निघाले. त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं, इतिवृत्त कायम करायचं नाही, दुरुस्त करायचं. त्या सभेच्या इतिवृत्तात आम्ही लिहिलं, की मागील सभेत सदर विषय घेतला तेव्हा गणसंख्या नव्हती, सबब तो ठराव ग्राह्य धरू नये आणि हा विषय रीतसर नोटीस देऊन पुन्हा सभेपुढं ठेवावा. जुना मजकूर खोडून काळा केला नाही. खालचं अक्षर वाचता येईल अशी एकच रेघ मारली, बाजूला आजची तारीख घातली, अध्यक्षांची आणि माझी सही केली. दोन महिन्यांनी विशेष सभा घेतली. हॉल भरला होता. निधी परत वेगळा काढला गेला. पण तिचा नवरा त्याआधीच गेला होता.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एकही ‘सर्वानुमते’ माणसं मोजल्याशिवाय लिहिला नाही.

आता कामाचं. पहिली गोष्ट, हजेरीपुस्तकातली सही म्हणजे माणूस आला होता याचा पुरावा. तो आत्ता समोर आहे याचा पुरावा म्हणजे तुझी मोजणी. सभेच्या सुरुवातीला मोज, चहानंतर मोज, आणि पैसा, जागा, निवडणूक, पोटनियम दुरुस्ती असा जड विषय आला की परत मोज. दारातून बघून अंदाज करू नकोस, रांगेनं मोज. आकडा आणि वेळ वहीच्या समासात पेन्सिलीनं लिहीत जा.

दुसरी गोष्ट, आकडा कमी पडला की ते मोठ्यानं सांगायचं. ही कार्यवाहची आगळीक नव्हे. कुणीही साधा सभासद उठून सांगू शकतो, आणि सांगितल्यावर अध्यक्षांनी पुढं जायचं नसतं. गणसंख्या नसताना करता येण्यासारखी कामं मोजकी आहेत: बाहेर गेलेल्यांना बोलावणं, थोडा वेळ थांबणं, पुढची तारीख ठरवणं आणि सभा तहकूब करणं. अमेरिकेत हेन्री रॉबर्ट नावाच्या लष्करी अभियंत्यानं १८७६ साली सभानियमांचं एक पुस्तक काढलं, जगभरातल्या कितीतरी संस्था ते मानतात. त्यातही याच चार वाटा आहेत. पाचवी नाही.

तिसरी, गणसंख्या असताना झालेले सहा ठराव पक्के आहेत. लोक नंतर उठून गेले म्हणून ते मागं जात नाहीत. ते नेहमीसारखे लिही. सातव्यापासून अकराव्यापर्यंतचे विषय झालेले नाहीत. ते ‘नामंजूर’ही नाहीत, ‘मंजूर’ही नाहीत. ते घेतलेलेच नाहीत. हा फरक वहीत दिसायला हवा.

तुझ्या पानाचा मसुदा देतो. वेळा तू टिपलेल्या घाल, माझ्या नको:

‘विषय क्र. ६ संपल्यावर सभेस चहापानासाठी विश्रांती देण्यात आली. त्यानंतर ४ वाजून ४० मिनिटांनी विषय क्र. ७ पुकारला असता कार्यवाहांनी प्रत्यक्ष हजर सभासदांची मोजणी केली. २७ सभासद हजर आढळले. पोटनियमाप्रमाणे आवश्यक गणसंख्या ४० आहे. बाहेर गेलेल्या सभासदांना बोलावण्यात आले व ५ वाजून १० मिनिटांपर्यंत वाट पाहण्यात आली. फेरमोजणीत २९ सभासद हजर होते. सबब विषय क्र. ७ ते ११ कामकाजात न घेता मा. अध्यक्षांनी सभा तहकूब केली. उर्वरित विषयांसाठी तहकूब सभा पुढील रविवारी सकाळी ११ वाजता याच ठिकाणी होईल, असे त्यांनी जाहीर केले.’

बस्स, एवढंच. कोण कुठल्या गाडीनं गेलं, कोण रुसून गेलं, हे लिहू नकोस. शेवटच्या ओळीखाली कोरी जागा सोडू नकोस, आडवी रेघ मार आणि सही घे. व्हाइटनर लावू नकोस, चिठ्ठी चिकटवू नकोस, पानाला क्रमांक असू दे. सभा थांबल्यावर चार जणांत जी चर्चा झाली, छपराचे पत्रे बदलायचे की स्लॅब टाकायचा, ती उपयोगी असेल तर वेगळ्या कागदावर टिपून ठेव. इतिवृत्तात ती ठराव म्हणून शिरता कामा नये.

तू विचारलंस, ‘मामा, आपल्या नोटिशीच्या खाली टीप छापलेली असते, तिचं काय?’ ती टीप मला पाठ आहे: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येची अट राहणार नाही. आपल्याकडं आणि पलीकडं कोल्हापूर जिल्ह्यात तिच्याशिवाय नोटीसच छापत नाहीत. ती वाईट नाही. संस्था कायमची अडकून पडू नये म्हणून कायदाच अशी वाट ठेवतो. महाराष्ट्रात ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी ती संख्या लागते, पण तहकूब झालेल्या ग्रामसभेला गणपूर्तीची अट नसते. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १०३ आहे: अर्ध्या तासात गणसंख्या झाली नाही तर सभा पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी, आणि तिथंही अर्ध्या तासात भरली नाही तर हजर असतील तेवढ्यांची गणसंख्या.

पण टिपेला जोर असतो तो पोटनियमाचा. पोटनियमात तशी तरतूद नसेल तर ती टीप म्हणजे नुसती छपाईची शाई. म्हणून आज रात्री कपाटातली पोटनियमांची प्रत काढ आणि तीन गोष्टी बघ: गणसंख्या किती, ती नसेल तर किती वेळ थांबायचं, आणि तहकूब सभेला ती लागते की नाही. आपल्या भागात हे विशेष जपून बघावं लागतं. तुमचं वाचनालय १९६० च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली. शेजारची पतसंस्था १९५९ च्या सहकार कायद्याखाली नाहीतर १९९७ च्या सौहार्द कायद्याखाली. दोन्ही राज्यांत सभासद असलेली सोसायटी २००२ च्या बहुराज्य कायद्याखाली. आणि इथून चालत गेलं तरी येणाऱ्या अर्जुननगरात, जिथं निपाणीची पोरं देवचंद कॉलेजला जातात, तिथं लागतो महाराष्ट्राचा कायदा. रस्ता एक, पोरं एक, बोली एक आणि कायदे पाच. एका संस्थेचं बघून दुसरीत लिहिलं की फसलंच.

आणि टिपेचा आधार घ्यायचाच, तर अर्धा तास खरोखर गेला पाहिजे. सभा तहकूब झाल्याची वेळ आणि परत सुरू झाल्याची वेळ दोन्ही वहीत हवीत. ‘तहकूब करून लगेच घेण्यात आली’ असं वाक्य मी कितीतरी वह्यांत वाचलंय. त्या ‘लगेच’वर सगळा ठराव लटकलेला असतो.

तहकूब सभा ही त्याच सभेचा उरलेला भाग असते. तिथं सात ते अकरा एवढेच विषय घे. नवा विषय आणायचा तर नवी नोटीस. ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ ही शेवटची ओळ फार जपून वापर. ती येते तेव्हा चहा झालेला असतो, माणसं पांगलेली असतात, आणि जे दिवसाउजेडी भरल्या सभेपुढं आणायला नको वाटतं ते नेमकं त्या ओळीतून आत शिरतं.

मध्ये काही अडलं तर? विजेचं बिल, ग्रंथपालाचा पगार? जे कार्यकारिणीच्या रोजच्या अधिकारात आहे ते तिनं करावं. अधिकाराबाहेरचं पण खरंच न टळणारं असेल, तर करणाऱ्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर करावं आणि पुढच्या पूर्ण सभेत कार्योत्तर मंजुरी मागावी. मंजुरी मिळाली नाही तर भार त्यांच्यावर. मागच्या तारखेचा ठराव लिहून तो भार संस्थेवर ढकलायचा नाही. आणि मोबाईलच्या ग्रुपवर ‘सहमत’ असं टाकणारे ११ जण हजर धरायचे का, तर पोटनियम तसं म्हणत नसतील तोवर नाही.

कधी माणसं गाडीसाठी जात नाहीत, मुद्दाम जातात. सभात्याग करून गणसंख्या मोडायची, हे जुनं हत्यार आहे. अब्राहम लिंकन १८४० साली इलिनॉयच्या विधिमंडळात असताना त्यासाठी खिडकीतून उडी मारून बाहेर पडले होते. पण तोवर त्यांची हजेरी मोजून झाली होती. पुढं १८९० साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात सदस्य जागेवर बसूनही नाव पुकारल्यावर ‘ओ’ देईनात, तेव्हा सभापती थॉमस रीड यांनी डोळ्यांना दिसतात ते सगळे हजर म्हणून लिहून घेतले. यातून तुझ्यापुरतं एवढंच घे: बसलेला माणूस ‘मला धरू नका’ म्हणाला तरी तो हजर, आणि गेलेल्या माणसाची सही कितीही ठळक असली तरी तो गैरहजर. रागानं गेला तरी त्याच्यावर रागवू नकोस. जाणं हेही त्याचं म्हणणंच आहे. तू फक्त मोज आणि लिही.

या सगळ्याचा एवढा आग्रह का धरतो, ते सांगतो. आपण सीमाभागातली माणसं कागदावर जगत आलो. १२ मे १९४६ ला बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. लेखक-वाचकांच्या सभेतला तो एक ठराव, पण पुढची सगळी चळवळ त्याचं बोट धरून चालली. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं आहे, बेळगाव शहराबद्दल तसं नाही. त्या ओळींवर आपल्या दोन पिढ्या वाद घालत म्हाताऱ्या झाल्या. २००५ साली बेळगाव महापालिकेनं महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला आणि सरकारनं महापालिकाच बरखास्त केली. एका ठरावाची केवढी धास्ती! २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथंही बोलायचं ते कागदानंच. सभेचे कागद आम्हाला मराठीतून द्या, ही मागणी बेळगावचे मराठी नगरसेवक वर्षानुवर्षं करत आलेत. का? कारण वाचता येत नसलेल्या कागदावर आपली संमती लिहिली जाऊ नये.

मग आपल्याच वाचनालयाच्या वहीत, आपल्याच भाषेत, न दिलेली संमती आपण कशी लिहायची? ठरावाला वजन येतं ते मोठ्या शब्दांनी नाही. किती जण होते, कोण होते, कधी ठरलं, हे कुणालाही कधीही तपासून बघता येतं म्हणून येतं. गावच्या ४० माणसांच्या वहीत खोटं लिहायची सवय लागली, की मोठ्या वहीतल्या खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आपल्या मुलखाला ही शिस्त नवी नाही. देशातली पहिली शेती पतसंस्था १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळला निघाली, तेव्हा ते आणि आपण सगळे मुंबई इलाख्यातच होतो. शेतकऱ्यांनी एकत्र बसून, मोजून, लिहून पैसा सांभाळायचा, हे शंभर वर्षांपूर्वी इथल्याच मातीत जमलं.

माणसं का उठतात, याचाही विचार कर. तुझ्या गावात साडेपाचला डेअरीत दूध घालायचं असतं. धारेची वेळ झाली की बाई थांबणार कशी? दुपारी तीनची सभा तिच्यासाठी ठेवलेलीच नसते. अकराला ठेवलीत हे चांगलं. सत्कार आणि भाषणं शेवटी घे, हिशेब आणि निवडणूक आधी. चहा शेवटच्या ठरावानंतर. तहकूब सभेची नोटीस फळ्यावर लाव, दूध डेअरीत लाव, आणि उठून गेलेल्या माणसांच्या घरी स्वतः जा. त्यांना दोष देऊ नकोस. ‘तुमच्यावाचून थांबलंय’ एवढंच सांग. ते खरंही आहे.

ज्या ज्येष्ठांनी ‘लिहून टाक’ म्हटलं, त्यांच्याशी अबोला धरू नकोस. त्यांनी ते वाचनालय उभं केलंय, काम अडू नये एवढंच त्यांच्या मनात होतं. माझ्याही मनात तेवढंच होतं त्या दिवशी. पान लिहून झालं की आधी त्यांनाच वाचून दाखव. आणि अध्यक्षांचे आभार मान. सगळ्यांसमोर ‘सभा तहकूब’ म्हणायला धीर लागतो.

तू त्या पानावर ‘मंजूर’ लिहिलं नाहीस म्हणून वाचनालयाचं काही बिघडलं नाही. पत्रे आठ दिवस उशिरा बदलतील. १२० जणांपैकी कुणीही उद्या उठून ‘मी होतो का तेव्हा?’ असं विचारलं, तर तुझ्या वहीत त्याला खरं उत्तर मिळेल.

रविवारी मी साडेदहाच्या आत पोचतो. तुझी आई म्हणाली आहे, डबा घेऊन ये, म्हणून येताना काकवी आणि शेंगांची चटणी आणतोय. मागच्या बाकावर बसेन. मी सभासद नाही. मोजताना मला धरू नकोस.

तुझा,
मामा